सैनिकाचे अपंगत्व आणि पुराव्याचा भार : निवृत्तिवेतनावरील अपील-निर्णयांचा आढावा

सैन्यात भरती होताना ज्याच्या शरीरात कोणताही दोष आढळला नव्हता, तो माणूस सेवेतून बाहेर पडताना आजारी किंवा अपंग असेल, तर त्या आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही हे कोणी सिद्ध करायचे, या एका प्रश्नाभोवती भारतातील सैनिकी निवृत्तिवेतनाच्या अपिलांचा बहुतांश इतिहास गुंफलेला आहे. नियमांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी सैनिकाच्या बाजूने दिले, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१३ पासून वारंवार स्पष्ट केले, आणि तरीही हे उत्तर प्रत्यक्षात पदरात पडते ते मुख्यतः न्यायालयापर्यंत जाऊ शकणाऱ्यांच्याच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोदपासून सिंदखेड राजा आणि लोणारपर्यंत पसरलेल्या या १३ तालुक्यांच्या जिल्ह्यात लष्करी छावणी नाही; येथून भरती झालेल्या जवानाची सेवेची कागदपत्रे तो महार रेजिमेंटचा असेल तर सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला असतात, त्याच्या निवृत्तिवेतनाचा आदेश प्रयागराजहून निघतो आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकणारे न्यायाधिकरण मुंबईत बसते. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूर किंवा शेगाव गाठून पुढचा प्रवास करावा लागतो. गावात राहणाऱ्या माजी सैनिकाच्या आणि कायद्याने त्याला दिलेल्या हक्काच्या मध्ये एवढी ठिकाणे उभी आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढील निर्णयांकडे पाहावे लागते.

अपंगत्व निवृत्तिवेतन म्हणजे काय, हे आधी पाहणे आवश्यक आहे. सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील विनियम १७३ नुसार, सैनिकाचे अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून अधिक असेल आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असेल, तर त्याला हे निवृत्तिवेतन मिळते. त्याचे दोन घटक असतात: सेवेच्या कालावधीसाठीचा सेवा-घटक आणि अपंगत्वाच्या प्रमाणात मिळणारा अपंगत्व-घटक. अपंगत्व शंभर टक्के असेल तर अपंगत्व-घटक शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के असतो आणि अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात तो उतरतो. युद्धात किंवा तत्सम कारवाईत जखमी होऊनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यासाठी हाच दर दुप्पट, म्हणजे ६० टक्के आहे. समजा, एखाद्या हवालदाराचा हिशेबी पगार ४०,००० रुपये असेल आणि त्याचे अपंगत्व २० टक्के ठरले असेल, तर अपंगत्व-घटक महिन्याला २,४०० रुपये होतो, आणि तेच अपंगत्व ५० टक्के धरले गेले तर ६,००० रुपये होतो. शहरातील वाचकाला हा फरक किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. पण कोरडवाहू सोयाबीन आणि कापूस यांच्या भरवशावर असलेल्या घरात दरमहा ठरल्या तारखेला येणारी, महागाई भत्त्याबरोबर वाढणारी आणि आयुष्यभर चालणारी ही रक्कम औषधांचा खर्च भागणार की नाही हे ठरवते.

या हक्काची पहिली पायरी वैद्यकीय मंडळ, म्हणजे जवानांच्या बोलण्यातले मेडिकल बोर्ड. मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यासाठी रिलीज बोर्ड भरते, आणि आजारपणामुळे मुदतीपूर्वीच बाहेर काढल्या जाणाऱ्यासाठी, म्हणजे ‘बोर्ड आऊट’ होणाऱ्यासाठी, वेगळे मंडळ असते. मंडळाच्या मतावरून रेकॉर्ड ऑफिस दावा मंजूर किंवा नामंजूर करते. नामंजुरीवर सहा महिन्यांत पहिले अपील सैन्य मुख्यालयाच्या अपील समितीकडे करता येते, तेथेही नकार आल्यास दुसरे अपील वरच्या समितीकडे जाते, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग खुला होतो. पहिली दोन्ही अपिले सरकारच्याच यंत्रणेत, बहुधा अर्जदाराला समोर न बोलावता, कागदांवरून निकाली निघतात. मूळ मंडळाने लिहिलेले एखादे वाक्य तीन टप्प्यांवर जसेच्या तसे उतरून येते ते यामुळेच. पूर्वी तर लेखा कार्यालयातील वैद्यकीय सल्लागार सैनिकाला न तपासताच मंडळाचे अनुकूल मतही फिरवीत असत. माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमान्य केली आणि ज्यांनी रुग्णाला प्रत्यक्ष पाहिले त्यांचे मत, फेरतपासणी केल्याशिवाय, कार्यालयात बसून बदलता येत नाही असे ठरविले.

पुराव्याचा भार सैनिकावर नको, हे तत्त्व भारतात जन्मलेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये युद्ध-निवृत्तिवेतनासाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरणे निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर, १९४३ मध्ये, तेथील राजाज्ञेने दावेदाराला काहीही सिद्ध करावे लागणार नाही आणि वाजवी शंकेचा लाभ त्यालाच मिळेल असे ठरविले. या राजाज्ञेखालील एक अपील १९४७ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांच्यापुढे आले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने मरण पावलेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे ते अपील होते आणि ते फेटाळले गेले. पण वाजवी शंका म्हणजे काय याचे जे विवेचन त्यात झाले, ते पुढे जगभरच्या न्यायालयांनी उचलले. भारतातील खुनाच्या खटल्यांच्या निकालपत्रांत मिलर विरुद्ध मिनिस्टर ऑफ पेन्शन्स हा निर्णय आजही सर्रास उद्धृत होतो. फौजदारी कायद्याच्या एका पायाभूत कल्पनेची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या एका सैनिकाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या दाव्यातून आली, ही गोष्ट या अपिलांना दुय्यम प्रतीची न्यायालयीन कामे समजणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

भारतात हे तत्त्व १९८२ च्या पात्रता नियमांत स्पष्टपणे आले. नियम ५ नुसार, भरतीच्या वेळी कोणत्याही आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी पूर्ण निरोगी होता असे गृहीत धरायचे; नियम ९ नुसार, पात्रता सिद्ध करण्यास दावेदाराला सांगायचे नाही आणि वाजवी शंकेचा लाभ त्याला द्यायचा, तोही सीमेवर किंवा मोहिमेवर सेवा केलेल्याला अधिक उदारपणे; नियम १४ नुसार, सैनिकाला सेवेतून बाहेर काढण्यास कारण ठरलेला आजार भरतीपूर्वी तपासणीत सापडण्यासारखा नव्हता असे वैद्यकीय मत कारणांसह नोंदलेले नसेल, तर तो सेवेत उद्भवला असेच मानायचे. एवढी निःसंदिग्ध भाषा असूनही पुढची जवळजवळ तीन दशके मंडळे ‘सेवेशी संबंध नाही, प्रकृतिगत आजार’ अशी एका ओळीची नोंद करीत राहिली, आणि केशर सिंग प्रकरणात २००७ मध्ये व ओम प्रकाश सिंग प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मंडळाच्या मताला प्राधान्य देऊन सरकारच्या बाजूने निकाल दिले. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मतात न्यायालयाने ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा विचार तत्त्वतः चुकीचा नव्हता. पण ज्या मताला कारणेच दिलेली नाहीत, त्याला तज्ज्ञमत का म्हणावे, हा प्रश्न त्या निर्णयांत पुरेसा विचारला गेला नाही.

तो विचारला गेला २ जुलै २०१३ रोजी, धरमवीर सिंग प्रकरणात. १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झालेल्या या शिपायाला फेफऱ्याच्या आजारामुळे सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर बोर्ड आऊट करण्यात आले होते; अपंगत्व २० टक्के मानले गेले, पण आजार प्रकृतिगत ठरवून निवृत्तिवेतन नाकारले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने तीनही नियम एकत्र वाचून निष्कर्ष काढला, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर गृहीतक सैनिकाच्या बाजूचे असते, ते खोडून काढण्याचे ओझे सरकारवर असते, आणि कारण न देता लिहिलेले मत हे ओझे पेलू शकत नाही. पुढच्या दोन वर्षांत या पायावर बरेच बांधकाम झाले. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये असे ठरले की, ज्या अपंगत्वामुळे लष्कराने माणसाला नोकरीवरून काढले ते २० टक्क्यांहून कमी असे म्हणताच येणार नाही. २०१५ च्या राजबीर सिंग निर्णयाने धरमवीर सिंगचे तत्त्व अनेक प्रकरणांना एकदम लागू केले. न्यायाधिकरणाच्या देशभरातील पीठांपुढे आज मांडल्या जाणाऱ्या बहुतेक अर्जांत हे तीन निर्णय आधारभूत असतात.

टक्केवारीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, अपंगत्वाच्या टक्केवारीला टप्प्यांत बसविण्याची पद्धत आली: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६ ते १०० असेल तर १०० टक्के धरायचे. दोन डॉक्टरांच्या अंदाजात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि तो फरक सैनिकाच्या अंगावर टाकू नये, हा त्यामागचा हेतू. सरकारने मात्र हा लाभ बोर्ड आऊट झालेल्यांपुरता ठेवला आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना वगळले. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निर्णयाने शेकडो अपिले एकत्र निकाली काढीत ही भेदरेषा पुसली. त्याला मर्यादाही आहे: मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व मुळातच २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याला हा लाभ नाही, असे २०१९ च्या राठोर निर्णयाने सांगितले.

मंडळाचा अहवाल ज्या छापील नमुन्यावर लिहिला जातो, तो एएफएमएसएफ–१६ या नावाने ओळखला जातो, आणि बहुतेक अपिलांचा निकाल त्याच्या एका पानावर अवलंबून असतो. त्या पानावर आजाराचे नाव, तो प्रथम कोठे व कधी दिसला, सैनिक त्या वेळी शांतता-क्षेत्रात होता की मोहिमेच्या क्षेत्रात, आजार सेवेमुळे उद्भवला काय, सेवेमुळे बळावला काय, आणि या उत्तरांची कारणे, अशी विचारणा असते. ‘होय’ किंवा ‘नाही’ हा रकाना बहुधा व्यवस्थित भरलेला असतो. कारणांच्या जागी मात्र पुष्कळदा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेतील परिच्छेदाचा क्रमांक आणि ‘आजाराची सुरुवात शांतता-क्षेत्रात’ एवढीच नोंद असते. वास्तविक ती पुस्तिका इतकी कोरडी नाही. हृदयविकाराच्या बाबतीत झटका येण्यापूर्वीच्या १४ दिवसांत सैनिक कोणते काम करीत होता, याचा तपशील मागवून विचारात घेण्यास ती सांगते. सलग रात्रपाळीचा पहारा, पूरग्रस्त भागातील बचावकार्य, तुकडीचे स्थलांतर, असे काही त्या पंधरवड्यात घडले असेल तर ते युनिटच्या नोंदींत सापडते, सैनिकाच्या घरी नव्हे. तो तपशील मंडळापुढे न आल्याचा तोटा सैनिकाने सोसावा, हे नियमांच्या शब्दांत बसत नाही आणि न्यायातही बसत नाही.

सरकारची बाजू मात्र गांभीर्याने ऐकली पाहिजे. २०१९ च्या नरसिंग यादव निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, काही मानसिक आजार भरतीच्या वेळच्या तपासणीत कळून येणे शक्यच नसते, म्हणून केवळ नोंद नव्हती एवढ्यावरून ते सेवेमुळे झाले असे गृहीत धरता येणार नाही. रजेवरील अपघातांच्या बाबतीतही न्यायालयाने ठाम रेषा आखली आहे. मदनसिंग शेखावत प्रकरणात, १९९९ मध्ये, स्वखर्चाने रजेवर घरी निघालेल्या सैनिकाचा प्रवासातील अपघात सेवेशी जोडला गेला. पण रजेच्या काळात गावी शेतात काम करताना, लग्नाला जाताना किंवा नातेवाइकाच्या घरी छतावरून पडून झालेली इजा सेवेशी कोणताही कार्यकारण संबंध दाखवीत नाही, असे २०११ ते २०१५ दरम्यानच्या अनेक निर्णयांचे सार आहे. खामगाव किंवा मेहकरच्या रस्त्यावर रजेतील जवानाची दुचाकी घसरली, तर कायद्याचे उत्तर बहुधा नकाराचेच असणार, आणि अशा दाव्यात खोटी आशा लावणाऱ्यांपासून कुटुंबाला सावध करणे हेही मदतच ठरते. तिसरा मुद्दा जीवनशैलीच्या आजारांचा. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवून दिले, की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दर वर्षी निवृत्त होणाऱ्या सैन्य-अधिकाऱ्यांपैकी सुमारे ३६ ते ४० टक्क्यांना आणि इतर पदांवरील सैनिकांपैकी १५ ते १८ टक्क्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन मिळाले, व त्यात उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचा वाटा मोठा होता. या आकड्यांवरून गैरवापराची चर्चा झाली, आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र अधिकारी आणि जवान यांच्या प्रमाणातील तफावतीचा दुसराही अर्थ निघतो: ज्याला नियम माहीत आहेत, कागद वाचता येतो आणि मंडळापुढे बोलता येते, त्याचा दावा टिकतो, जवान मात्र समोर ठेवलेल्या कागदावर सही करून गावी परततो. गैरवापर थांबविण्यासाठी उचललेले पाऊल याच दुसऱ्या माणसावर पडणार असेल, तर ते तपासून पाहणे भाग आहे.

मधुमेहाच्या प्रश्नावरचा अलीकडचा महत्त्वाचा निर्णय माजी सुभेदार गवस अनिल मादसो यांच्या प्रकरणातील आहे. १९८५ मध्ये सैन्यात दाखल झालेल्या या सुभेदारांना सेवेच्या काळात मधुमेह आणि पायातील रक्तवाहिन्यांचा विकार जडला. मधुमेह शांतता-क्षेत्रात सुरू झाला म्हणून त्याचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाने लिहिले. न्यायाधिकरणाने तो दावा मान्य केला, सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये तेथेही सरकारची याचिका फेटाळली गेली. ज्या काळात हा दावा उद्भवला, त्या काळासाठी २००८ चे सुधारित पात्रता नियम लागू होते, आणि त्या नियमांतून निरोगीपणाचे जुने गृहीतक वगळण्यात आले होते. तरीही, उच्च न्यायालयाच्या मते, आजार कशामुळे झाला हे कारणांसह नोंदविण्याची मंडळाची जबाबदारी संपत नाही, आणि केवळ शांतता-क्षेत्रातील नेमणूक हे कारण होऊ शकत नाही, कारण सैनिकी सेवेचा ताण मोहिमेच्या क्षेत्रापुरता मर्यादित नसतो. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या न्यायालयाने सरकारच्या अशाच सुमारे ३०० याचिका एकत्र फेटाळल्या. मे २०२५ मध्ये राजूमोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराच्या संदर्भातही कारण नसलेले मंडळाचे मत अमान्य केले. नरसिंग यादव निर्णयाची धार त्यामुळे पुष्कळ सौम्य झाली आहे.

उंच हिमप्रदेशातील सेवेविषयीचे निर्णय बुलढाण्याच्या वाचकाला अधिक जवळचे वाटतील. बिजेंद्र सिंग हा जवान १९८५ मध्ये भरती झाला, सियाचीन हिमनदीवर त्याची नेमणूक झाली, पुढे त्याला फेफरे येऊ लागले आणि १९८९ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी व सेवेशी असंबद्ध मानले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तो एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे सेवा सुटल्यानंतर ३६ वर्षांनी. सरोज देवी यांच्या प्रकरणात त्यांचे पती जानेवारी २०१३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्त घालताना श्वास कोंडून मरण पावले होते. येथे कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या तीन पायऱ्या समजून घ्याव्या लागतात: सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूसाठी साधे, सेवेमुळे झालेल्या मृत्यूसाठी शेवटच्या पगाराच्या ६० टक्के असलेले विशेष, आणि युद्ध किंवा सीमेवरील कारवाईसारख्या प्रसंगातील मृत्यूसाठी पूर्ण शेवटच्या पगाराइतके उदारीकृत कौटुंबिक निवृत्तिवेतन. लष्कराने त्यांना विशेष दिले, उदारीकृत नाकारले; न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ते मंजूर केले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने अपील फेटाळून, सैनिकाच्या विधवेला या न्यायालयात ओढायला नको होते असे सुनावत, सरकारवर ५०,००० रुपयांचा खर्च बसविला.

याच सियाचीनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अक्षय लक्ष्मण गवते यांचे निधन झाले. कर्तव्यावर असताना मोहिमेच्या क्षेत्रात मरण पावलेले ते पहिले अग्निवीर. त्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या रकमांचा तपशील सैन्याने त्या वेळी जाहीर केला: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवा निधीतील जमा रक्कम, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा १३ लाखांहून अधिक पगार आणि युद्धहानी निधीतून ८ लाख. ही रक्कम एक कोटीच्या वर जाते आणि ती लहान नाही. परंतु जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीराच्या कुटुंबाला कौटुंबिक निवृत्तिवेतनच नाही. नियमित जवान त्याच चौकीवर, त्याच थंडीत मरण पावला असता तर सरोज देवी निर्णयाच्या आधारे त्याच्या वारसांना उदारीकृत निवृत्तिवेतन मागता आले असते. महागाईबरोबर वाढणारे आणि हयातभर चालणारे उत्पन्न आणि एकदाच मिळणारी रक्कम यांची तुलना केवळ बेरजेने होत नाही, कारण वृद्ध आईवडिलांच्या गरजा एकाच वर्षी येत नाहीत. अग्निवीराच्या अपंगत्वासाठीही ४४, २५ आणि १५ लाख अशा तीन टप्प्यांची एकरकमी तरतूद आहे, निवृत्तिवेतनाची नाही. ऑपरेशन सिंदूरच्या काळात, मे २०२५ मध्ये, पूंछ भागात मरण पावलेल्या मुंबईच्या अग्निवीराच्या आईने नियमित सैनिकांच्या कुटुंबांइतक्याच लाभांसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे, आणि त्या याचिकेच्या निकालाचा पिंपळगाव सराईच्या घराशीही संबंध आहे.

केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांची स्थिती आणखी निराळी आहे. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात मरण पावलेल्या ४० जवानांपैकी दोन बुलढाणा जिल्ह्यातील होते, एक मलकापूरचा आणि एक चोरपांग्र्याचा. गावाच्या दृष्टीने सैनिक आणि राखीव पोलीस दलाचा जवान यांत फरक नसतो. कायद्यात मात्र तो मोठा आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण हे भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या कायद्यांखालील व्यक्तींसाठीच आहे, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणातून ‘संघराज्याची अन्य सशस्त्र दले’ वगळलेली आहेत, म्हणून सेवेत जखमी झालेल्या राखीव पोलीस दलाच्या जवानाला असाधारण निवृत्तिवेतन नियमांखालील नकाराविरुद्ध थेट उच्च न्यायालयाचाच आश्रय घ्यावा लागतो. बुलढाणा नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्याने त्याचा रस्ता पूर्वेकडे जातो आणि सैनिकाचा पश्चिमेकडे.

सैनिकाचा रस्ताही नेहमी पश्चिमेकडे नव्हता. २००७ च्या कायद्याने स्थापलेले आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी उद्घाटन झालेले न्यायाधिकरण येण्यापूर्वी वऱ्हाडातील माजी सैनिक नागपूर खंडपीठातच रिट याचिका करीत. न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ महाराष्ट्रासाठी नेमले गेले. उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश आणि ज्येष्ठ निवृत्त सेनाधिकारी अशा दोघांचे पीठ सैनिकी जीवनाची जाण ठेवून, स्वस्तात आणि लवकर न्याय देईल, ही त्यामागची कल्पना होती, आणि निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तिला मोठे यश आले हे मान्य केले पाहिजे. कमी पडले ते दोन ठिकाणी. सदस्यांच्या जागा दीर्घकाळ रिकाम्या राहून पीठेच्या पीठे ठप्प होत राहिली. आणि २०१५ च्या श्रीकांत शर्मा निर्णयाने उच्च न्यायालयाचा मार्ग बंद झाल्यासारखा होऊन न्यायाधिकरणात हरलेल्यापुढे फक्त सर्वोच्च न्यायालय उरले, तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तरच. साध्या जवानाला दिल्लीची वकिली परवडत नाही. २१ मार्च २०२३ रोजी परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट करून हा मार्ग पुन्हा खुला केला. तो दोन्ही पक्षांना खुला झाला आहे, आणि त्यानंतर सरकारनेच त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर केला, हे दिल्लीतील त्या सुमारे ३०० याचिकांवरून दिसते. ठरलेल्या तत्त्वावर पुन्हा पुन्हा अपिले करू नयेत, अशी शिफारस मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने केली होती. तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

उशिराची किंमतही थोडी उलगडून सांगायला हवी. निवृत्तिवेतन न मिळणे ही दरमहा नव्याने होणारी हानी मानली जात असल्यामुळे वीस वर्षांनी केलेला अर्जही केवळ मुदतीच्या कारणावरून फेटाळला जात नाही. परंतु २००८ च्या तरसेम सिंग निर्णयानुसार थकबाकी साधारणतः अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे १९९५ मध्ये बोर्ड आऊट झालेल्या आणि २०१५ मध्ये अर्ज केलेल्या जवानाची सतरा वर्षांची रक्कम कायमची बुडते. त्यात २००८ च्या नियमांनी आणखी एक अट घातली: सेवामुक्तीनंतर १५ वर्षांनी दावा आला आणि तोवर कागदपत्रे नियमानुसार नष्ट झाली असतील, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. म्हणून मंडळाच्या अहवालाची, रुग्णालयातून सुटतानाच्या कागदांची, डिस्चार्ज बुकाची आणि नामंजुरीच्या पत्राची प्रत घरात जपून ठेवणे हे वकील नेमण्याइतकेच मोलाचे आहे. ‘स्पर्श’ या ऑनलाइन निवृत्तिवेतन व्यवस्थेत अलीकडचे आदेश सापडतात, जुने वैद्यकीय कागद सापडत नाहीत. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला या कामात खरा वाव आहे. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेत जिल्हा सैनिक मंडळांच्या पातळीवर मोफत कायदेशीर सल्ल्याची केंद्रे अपेक्षित आहेत, आणि अशा केंद्रातील वकिलाने नामंजुरीच्या पत्राबरोबर मंडळाच्या अहवालातील कारणांचा रकाना वाचून पाहिला, तर कोणता दावा टिकेल आणि कोणता टिकणार नाही हे पहिल्याच भेटीत बऱ्याच अंशी सांगता येईल.

यापुढील वादांची दिशा २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले नवे पात्रता नियम ठरवतील. जीवनशैलीच्या आजारांबाबत ते अधिक तपशीलवार आणि अधिक कडक आहेत, आणि अपंगत्व असूनही सेवेत राहणाऱ्यासाठी त्यांनी निराळ्या नावाचा लाभ आणला आहे. जुन्या काळातील दाव्यांना ते लागू नाहीत. पण बुलढाण्याहून आज सेवेत असलेल्या प्रत्येक जवानाचा अहवाल यापुढे त्यांच्याच चौकटीत लिहिला जाईल. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होत आहेत आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के सेवेत कायम होतील. जे परत येतील, त्यांच्यापैकी एखाद्याच्या गुडघ्याची, कानाची किंवा मनाची इजा परतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी उघड झाली, तर त्याच्यासाठी निवृत्तिवेतनाचा नियम नाही आणि म्हणून अपील समितीही नाही. १९८२ च्या नियम ९ मधील वाजवी शंकेचा लाभ त्याला मिळावा की नाही, हे संसदेने किंवा न्यायालयाने अजून ठरवायचे आहे.